चावा

शीबा मॅडमनी दोन पानी फॉर्म दिला
आणि हसल्या, दवाखान्यात हसतात तसं.
निहारनं तमीमच्या दंडाला चावा घेतला होता.
वर चार, खाली चार, त्या म्हणाल्या,
आणि दातांची कमान बोटानं हवेत काढून दाखवली.

पावणेचार वर्षांचा माझा मुलगा
चपलांच्या कप्प्यापाशी उभा होता,
डाव्या पायात उजवा बूट घालून,
हे दुसऱ्याच कुणीतरी केलंय अशा चेहऱ्यानं.

फॉर्म मी गाडीतच भरायला घेतला.
मंगाफच्या पार्किंगमध्ये, एसी चालू ठेवून.
कुवेतभर धूळ सुटलेली, समुद्र असतो तिकडे
नुसता पिवळा पडदा.

किती तास झोपतो?
नऊ लिहिलं. खोडून सात केलं.
माझी रात्रपाळी असली की तो दिवसभर
माझ्या झोपेची राखण करतो.
दोन खोल्यांतली एक कोट्टयमच्या जोडप्याला दिलीय,
उरलेल्या एकीत आम्ही तिघं, फ्रिज, आणि गौतमीचं बोट, ओठांवर.
शू, बाबा झोपलेत.
शू, खाली माणसं राहतात.
शू, आंटीचं डोकं दुखतंय.
एवढे शू कोंबलेत त्याच्या तोंडात,
उघडलं तर शब्दाआधी दातच बाहेर येणार.

किती वेळ स्क्रीन?
इथं मी खरं लिहिलं.
मे महिन्यापासून घसरगुंडीवर मांड्या पोळतात, दिवेलागणीलाही.
मॉलमध्ये पळायला अर्ध्या तासाचे पैसे पडतात.
मग कार्टून. त्यात एक निळा बेडूक
कड्यावरून पडतो, चपटा होतो, झटकून उठतो.
तमीम चपटा झाला नाही. रडला.
आणि निहार म्हणे त्याच्याकडे बघतच राहिला,
मॅडमनी समासात लिहिलंय,
जास्त तोच घाबरला होता.

घरी कोणती भाषा?
घरी मराठी, वर्गात इंग्रजी,
आंटीकडून मल्याळममधलं 'ये' आणि 'खा',
झोपाळ्यापाशी अरबी.
'माझंय ते' एवढं मात्र त्याला मराठीतच येतं
आणि तमीमला मराठी येत नाही.
भांडण लाल ट्रकवरून झालं, असं शाळेचं म्हणणं.

घरात कोणी मारतं का?
नाही.
पेन न उचलता लिहिलं.
माझे वडील मागाच्या वादीनं मारायचे,
इचलकरंजीत, पाळी सुटल्यावर,
कापसाचं पीठ भुवयांवर तसंच घेऊन.
माझं तेव्हाच ठरलं होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला.
धप्. धप्.
सीटच्या आडव्या पट्टीवर निहार मुठी आपटत होता,
न चिडता, खेळल्यासारखा,
"सरक की लेका! सरक की!"

तीस नंबरच्या रस्त्यावर, जाता-येता,
स्टिअरिंगवर.
मी माणसाला कुठं मारतो?

अंगठा मुठीच्या आत दुमडलेला.
माझा असतो तसा.
वडिलांचा असायचा तसा.

'नाही' खोडावं की राहू द्यावं, या विचारात
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
मी आरशातून विचारलं, तमीमला दुखलं का रे?
"दुखलं."
मग का चावलास? ट्रकसाठी?
त्यानं मान हलवली.
खिडकीच्या काचेवरची धूळ आतून पुसायचा प्रयत्न केला,
ती बाहेरून होती.
"मी गाणं म्हणत होतो," तो म्हणाला.
"तो मला शू म्हणाला."

सगळ्या भाषांत सारखाच असलेला तो एक शब्द.

शेवटी 'इतर काही', त्याला दीड ओळीची जागा.
मी पेनाला टोपण लावलं.
काचा वर होत्या, आसपास कुणी नव्हतं,
उन्हात नुसत्या गाड्या उभ्या.
म्हटलं, निहार, ओरड. हवं तेवढं ओरड.

त्यानं छातीभर श्वास घेतला,
तोंड उघडलं,
आणि तसाच थांबून, अगदी हळू, विचारलं,
"बाबा, कोण झोपलंय?"